ट्रकच्या पाट्यातून घडलेली सुरी
ट्रेकसाठी सुरी घडवून घेताय? आधी पोलाद बघा. संत तुकाराम नगरपासून चाकणपर्यंत, आपल्या पट्ट्यात ट्रकचे जुने पाटे भंगारात मिळतात. त्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के, म्हणून लालबुंद पातं तेलात बुडवून ‘पाणी’ दिलं की धार टिकते. तेवढ्यावर थांबलात तर पातं ठिसूळ राहतं. सुमारे 200 अंशांवर पुन्हा तापवलं की चिवट होतं. हे पोलाद गंजतं, तेव्हा वापरानंतर पुसून तेलाचा हात फिरवा. दोरी कापायला, काटक्या सोलायला 4 इंची पातं पुरतं. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळता, परवाना लागतो. प्रवासात सुरी म्यानात, सॅकच्या तळाशीच ठेवा.