विश्लेषण : चाचणी संपण्याआधीच औषध बाद कसे ठरते?

कर्करोगावरील औषधाने आयुष्य वाढते का, हे कळायला वर्षे लागतात. मग मध्येच निर्णय कसा होतो?

समजा, एक रुग्ण १४ महिन्यांनंतरही जिवंत आहे. तो एकूण किती जगेल माहीत नाही. पण 'किमान १४ महिने' हे पक्के. ही 'सेन्सॉर्ड' नोंद. ती वगळली, तर आयुर्मान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल.

ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या 'स्टॅम्पीड' चाचणीत मधल्या टप्प्यांवर आजार बळावला का, हे अशा नोंदींसह तपासले गेले. सेलेकॉक्सिबचा पुरेसा फायदा दिसेना. २०११ मध्ये त्या गटांतील भरती थांबली. डोसिटॅक्सेल टिकले. निम्मे रुग्ण किमान किती जगतात, हा अंदाज ७१ महिन्यांवरून ८१ वर गेला.

अट एकच : थांबण्याचे नियम आधीच ठरलेले हवेत. नाहीतर सोयीच्या क्षणी आकडे पाहून योगायोगालाच गुण समजले जाईल.