रुग्णालयातून घरी परतताना

प्रसूती सुखरूप पार पडली, पेढे वाटून झाले की काळजीचे दिवस संपले, असे कुटुंबाला वाटू लागते. दोन-तीन दिवसांत घरी जाण्याची परवानगी मिळते. बिल भरणे, औषधे आणणे, गाडी बोलावणे या धावपळीत परिचारिकेने दिलेल्या सूचना नीट ऐकून घेण्यास कोणालाच सवड नसते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र बाळंतपणाचा काळ प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत चालतो. सव्वा महिना पाळण्याची आपली रूढीही त्याच्याच जवळपास जाते. या काळातील काही गंभीर तक्रारी घरी आल्यावरच सुरू होतात आणि ‘बाळंतपणात असे चालायचेच’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

मुक्काम किती असावा?

गुंतागुंत नसलेल्या नैसर्गिक प्रसूतीनंतर किमान २४ तास रुग्णालयात राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडील सरकारी आरोग्यसेवेत ४८ तासांचा मुक्काम अपेक्षित आहे. शस्त्रक्रिया झाली असल्यास तो लांबतो. खर्चाच्या चिंतेने घरी जाण्याची घाई करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या व घरी पोहोचविण्याची सोय मोफत आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन, तर सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंतचा आहारही मोफत मिळतो.

निघण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर ‘अँटी-डी’ इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यावे लागते. ते राहिल्यास पुढच्या गर्भाला धोका संभवतो. म्हणून ते दिल्याची नोंद कागदपत्रांत आहे ना, हे पाहावे. बाळाला बीसीजी, पोलिओ व कावीळ-बी या लसी मिळाल्याची लसीकरण कार्डावरील नोंदही तपासावी. पुढील लसी सहाव्या आठवड्यात असतात. लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. घरी आल्यावर डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर खावेत, पण ते या गोळ्यांना पर्याय नव्हेत.

मातेच्या धोक्याच्या खुणा

रक्तस्राव हळूहळू ओसरत जाणे स्वाभाविक आहे. मात्र, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा कमी झालेला स्राव पुन्हा एकदम वाढला, तर रुग्णालय गाठावे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, टाक्यांमधून पू येणे ही जंतुसंसर्गाची चिन्हे आहेत. एकाच पायाच्या पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांमागे रक्ताची गुठळी असू शकते.

सर्वांत फसवी खूण डोकेदुखीची आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब वाढू शकतो. गरोदरपणात तो सामान्य असलेल्या स्त्रियांमध्येही असे घडते. म्हणजे बाळंतीण घरी पोहोचते, नेमक्या त्याच वेळी ही जोखीम असते. असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीखाली पोटात दुखणे यांना जागरणाचा परिणाम समजू नये. वेळीच उपचार न मिळाल्यास झटके येऊ शकतात.

बाळाकडे पाहताना

पहिला चीक रोगप्रतिकारक घटकांनी समृद्ध असतो, तो फेकून देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध पुरेसे असते. मधाचे बोट किंवा गुटी देण्याचा आग्रह टाळावा. मधातील जंतूंमुळे एक वर्षाखालील बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते व साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे. नाळ कोरडी ठेवावी, तिला काहीही लावू नये.

पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ किंवा पिवळे पडलेले तळहात-तळपाय तातडीने दाखवावेत. कोवळे ऊन हा त्यावरील उपचार नव्हे. दूध न ओढणे, निपचित पडणे, श्वास जलद चालणे, अंग तापणे अथवा गार पडणे यांतही थांबू नये.

मनाचेही ऐकावे

पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे नेहमीचे असते. दोन आठवडे उलटूनही उदासी ओसरली नाही किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे. त्यात आईचा दोष नाही आणि त्यावर उपचार होतात.

ही माहिती आठव्या महिन्यातच घरातील सर्वांनी वाचावी. रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक व रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक बाळंतिणीच्या खोलीत लावून ठेवावा. माहेरी जाणार असल्यास तेथील जवळचे रुग्णालयही आधीच ठरवावे. बाळंतिणीने तक्रार सांगितली, तर तिचे म्हणणे प्रथम ऐकावे. तपासणीत काही निघाले नाही, तर एक फेरी वाया जाईल, एवढेच.