मागण्याआधीची तयारी

२४ जानेवारी २०२४ रोजी जपान एअरलाइन्सचं, म्हणजे जेएएलचं, पहिलं एअरबस ए३५०-१००० विमान तोक्योच्या हानेदा विमानतळावरून न्यूयॉर्कला निघालं. या विमानात अवघ्या २३९ जागा आहेत. हेच विमान वापरणाऱ्या इतर काही कंपन्या त्यात सव्वातीनशेहून अधिक प्रवासी बसवतात. जेएएलने ६ जागा फर्स्ट क्लासला, ५४ बिझनेसला, २४ प्रीमियम इकॉनॉमीला आणि १५५ इकॉनॉमीला दिल्या. विमानात जागेइतकं महाग काही नसतं. ती इतकी मोकळी सोडायची, तर तेरा-चौदा तासांच्या प्रवासात माणसाला नेमकं काय लागतं, याचा विचार पक्का झालेला असावा लागतो.

हा विचार जपानच्या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापल्या वाटेने केला. जेएएलची स्थापना १ ऑगस्ट १९५१ची. दुसरी ऑल निप्पॉन एअरवेज, म्हणजे एएनए. ती १९५२च्या डिसेंबरात एक हेलिकॉप्टर कंपनी म्हणून सुरू झाली. तिच्या उड्डाणांच्या क्रमांकाआधी आजही ‘एनएच’ ही अक्षरं असतात. ती त्या निप्पॉन हेलिकॉप्टरची आठवण. एएनएला नियमित परदेशी मार्ग मिळाला तो थेट १९८६मध्ये, ग्वामचा. तेव्हा जेएएलला परदेशी आकाशात उडून तीस वर्षं उलटली होती. उशिरा आलेली कंपनी आणि आधीपासून असलेली कंपनी यांच्यातल्या चुरशीतून आजचा लांब पल्ल्याचा जपानी बिझनेस क्लास घडला. या सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे तयारी: प्रवाशाने मागण्याआधी, किंबहुना त्याला गरज जाणवण्याआधी, कुणीतरी करून ठेवलेली.

खोली

ऑगस्ट २०१९मध्ये एएनएने हानेदा–लंडन मार्गावरच्या बोईंग ७७७-३००ईआर विमानात ‘द रूम’ नावाची बिझनेस क्लासची रचना आणली. लंडनच्या अॅक्युमेन या संस्थेने तिचा आराखडा केला. तोक्योच्या नव्या राष्ट्रीय स्टेडियमचे वास्तुशिल्पी केंगो कुमा यांचं मार्गदर्शन त्याला लाभलं. या विमानातल्या २१२ जागांपैकी ६४ जागा बिझनेसच्या आहेत.

रचनेतली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एका ओळीतली आसनं विमानाच्या नाकाकडे तोंड करून असतात, तर पुढच्या ओळीतली शेपटीकडे. त्यामुळे एकाचे पाय दुसऱ्याच्या आसनाशेजारच्या पोकळीत जातात आणि दोघांच्याही वाट्याला जास्त रुंदी येते. दोन माणसं सहज शेजारी बसू शकतील एवढं हे आसन ऐसपैस आहे. पलंग करून झोपलं तर कूस बदलताना कोपर भिंतीला लागत नाही. समोर २४ इंची ४के पडदा असतो आणि बाजूला सरकतं दार. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी ते उघडं ठेवावं लागतं. एरवी ते लावून घ्यायचं की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं.

जेएएलने आपल्या ए३५०-१०००मध्ये याच कल्पनेला वेगळं रूप दिलं. इथे भिंतीची उंची १३२ सेंटिमीटर आहे आणि डोक्याच्या टेकूत स्पीकर बसवलेले आहेत, त्यामुळे हेडफोन न लावताही चित्रपट पाहता येतो. कानांवर तासन्‌तास दाब नसणं ही सोय ऐकायला किरकोळ वाटते. सात तास हेडफोन लावून बसलेल्या माणसाला मात्र तिचं मोल कळतं. अंथरुणाबाबतही हाच विचार दिसतो. जेएएलच्या आसनावर एअरविव्ह कंपनीची गादी घालतात. तिच्यातलं तंतूंचं जाळं मासेमारीचे धागे बनवणाऱ्या यंत्रांच्या तंत्रातून आलेलं आहे. त्यातून हवा खेळती राहते, म्हणून पाठीला घाम येत नाही.

हवा

आराम नुसत्या आसनात नसतो, हवेतही असतो. जुन्या धातूच्या विमानांत केबिनमधली हवा साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवली जाई. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचा सांगाडा मुख्यतः कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा असल्याने तो जास्त दाब पेलतो आणि ओलाव्याने गंजतही नाही. म्हणून त्यांच्या केबिनमधली हवा सुमारे ६,००० फुटांवरच्या हवेसारखी, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून थोड्याच अधिक उंचीवरच्या हवेसारखी ठेवता येते आणि तिच्यात ओलावाही अधिक राखता येतो. उतरल्यावर डोकं कमी जड होतं आणि घसा कमी कोरडा पडतो, त्यात या हवेचा मोठा वाटा आहे.

७८७ची पहिली मागणी २००४मध्ये एएनएने नोंदवली आणि ती एकदम ५० विमानांची होती. या विमानाच्या सांगाड्याचा सुमारे ३५ टक्के भाग जपानी कंपन्या बनवतात. पंख नागोयात मित्सुबिशी घडवते आणि कार्बन तंतू तोरे कंपनीचे असतात. ऑक्टोबर २०११मध्ये एएनएने नारिता ते हाँगकाँग या विशेष उड्डाणाने ७८७ प्रथम प्रवासी सेवेत आणलं. त्यातल्या शौचालयात पाण्याच्या फवाऱ्याची जपानी सोय होती. भारतीय प्रवाशाला तिचं महत्त्व समजावून सांगायला नको. विमानात पाण्याच्या प्रत्येक लिटरचं वजन इंधन खातं, हे ठाऊक असूनही ही सोय दिली गेली.

जेवण

उंचावर जिभेची चव बदलते. कोरड्या हवेने नाक सुकतं आणि वासाविना चव अर्धी होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: इंजिनासारख्या सततच्या आवाजात गोडाची जाणीव मंदावते आणि उमामीची मात्र वाढते. उमामी ही चव तोक्यो विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्शातून ओळखली. त्याच कोंबूचं आणि धुरावून वाळवलेल्या ट्यूना जातीच्या माशाचं पातळ सार म्हणजे दाशी. जपानी स्वयंपाकाचा तो पाया. म्हणूनच जपानी जेवण विमानात टिकाव धरतं. फ्रेंच सॉस जिथे फिका पडतो, तिथे मिसो सूप आपली चव राखतं.

बिझनेसमध्ये जपानी आणि पाश्चात्त्य असे दोन पर्याय असतात. संधी मिळाली तर तोक्योहून निघणाऱ्या विमानात जपानी जेवण घ्यावं. आधी लहान लहान वाट्यांत पाच-सहा पदार्थ येतात: एखाद्या भाजीची गार कोशिंबीर, मॅरिनेट केलेला मासा, तीळ लावलेलं टोफू, ऋतूप्रमाणे बदलणारं काहीतरी. मग मुख्य पदार्थ, भात, मिसो सूप आणि लोणचं. भाताची कथा खास आहे. केबिनमधल्या दाबात पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तांदूळ नीट शिजवणं अवघड जातं. आयता शिजवलेला भात पुन्हा गरम केला की त्याचे दाणे टणक होतात. जपानी माणसाला असा भात चालत नाही, म्हणून जेएएलने निवडक लांब मार्गांवर विमानातच ताजा भात शिजवण्याची पद्धत आणली.

पहिल्या जेवणानंतर ठरलेल्या वेळेची सक्ती नसते. भूक लागेल तेव्हा मागवावं. एएनएच्या विमानात फुकुओकाच्या इप्पुदो उपाहारगृहाचे रामेन नूडल्स मिळतात, जेएएलकडे निस्सिनबरोबर तयार केलेला ‘उदोन दे स्काय’ हा छोटा उदोन. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: दाशीत मासा असतो, त्यामुळे साधं दिसणारं मिसो सूपही शाकाहारी धरू नये. दोन्ही कंपन्या भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण देतात, पण ते किमान एक दिवस आधी सांगून ठेवावं लागतं.

माणसं

या सगळ्याला अर्थ येतो तो केबिनमधल्या कर्मचाऱ्यांमुळे. बसलेल्या प्रवाशाशी ते वाकून किंवा गुडघा टेकून बोलतात, म्हणजे नजर समपातळीत येते. झोपलेल्याला उठवत नाहीत. पाण्याचा पेला रिकामा दिसला की भरतात. पुस्तकात बुडालेल्या माणसाला मात्र विचारत बसत नाहीत. कधी जवळ जायचं नाही, हे ठरवणं सेवेतलं सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि त्याचं शिक्षण तिथे गांभीर्याने दिलं जातं. विमान निघताना त्याच्याकडे तोंड करून रांगेत उभे असलेले तंत्रज्ञ हात हलवून निरोप देतात. हा निरोप साऱ्या विमानाला असतो, पुढच्या केबिनपुरता नसतो.

ही शिस्त सहज टिकलेली नाही. जानेवारी २०१०मध्ये जेएएलने सुमारे २.३ लाख कोटी येनच्या कर्जासह दिवाळखोरी जाहीर केली. क्योसेरा कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी तेव्हा ७८ वर्षांचे होते. विनावेतन अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी कंपनीची सूत्रं हाती घेतली. सुमारे १६ हजार नोकऱ्या गेल्या, मार्ग बंद झाले. ही किंमत फार मोठी होती. उरलेल्यांना त्यांनी एक गोष्ट शिकवली: आपल्या कामाचा खर्च आणि परिणाम दोन्ही प्रत्येकाला ठाऊक हवेत. सप्टेंबर २०१२मध्ये कंपनी पुन्हा तोक्यो शेअर बाजारात आली आणि २०१३च्या सुरुवातीला लंडन मार्गावर तिने नवं ‘स्काय स्वीट’ आसन दिलं. त्यात खिडकीजवळच्या प्रवाशालाही कुणाला न ओलांडता थेट मार्गिकेत येता येत होतं.

शिस्तीचं दुसरं मूळ त्याहून खोल आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जेएएलचं १२३ क्रमांकाचं उड्डाण डोंगरात कोसळलं आणि ५२० माणसं गेली. त्या विमानाचे अवशेष कंपनीने हानेदाजवळच्या सुरक्षा केंद्रात जपून ठेवले आहेत. २००६मध्ये उघडलेल्या या केंद्रात कर्मचाऱ्यांना नेलं जातं. २ जानेवारी २०२४ला, न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या उड्डाणाच्या २२ दिवस आधी, साप्पोरोहून आलेलं जेएएलचं ए३५०-९०० हानेदाच्या धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. जेएएलच्या विमानातले सर्व ३७९ जण मात्र बाहेर पडले. उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन आणि ओरडून सूचना दिल्या. आठपैकी तीनच दारं सुरक्षित होती. ती कोणती, हे त्यांनी खिडकीतून बाहेर पाहून ठरवलं. प्रवाशांनी सामान जागीच सोडलं. वैमानिक सगळ्यांत शेवटी उतरला.

गरम टॉवेल देणारे आणि पेटत्या विमानातून माणसं काढणारे हे लोक एकच आहेत. दोन्ही कामांचा कस एकच लागतो: समोरच्याकडे लक्ष असणं आणि वेळ येण्याआधी तयार असणं.

लांबलेला रस्ता

२०२२पासून रशियाचं आकाश जपानी कंपन्यांसाठी बंद झालं. बारा तासांचा हानेदा–लंडन प्रवास चौदा तासांवर गेला. काही उड्डाणं पुन्हा अलास्का आणि ग्रीनलँडवरून जाऊ लागली. सोव्हिएत काळातही युरोपची विमानं अँकरेजला थांबत. प्रवास लांबला तशी आसनाची, हवेची आणि वेळी-अवेळी मिळणाऱ्या गरम रामेनच्या वाटीची किंमत वाढली.

महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध २००७मध्ये आला. त्या सप्टेंबरात एएनएने मुंबई–नारिता मार्ग छोट्या बोईंग ७३७-७००ईआर विमानाने सुरू केला आणि त्यात फक्त बिझनेस क्लासची आसनं ठेवली. उद्योगासाठी ये-जा करणाऱ्या मोजक्या प्रवाशांसाठी तो धाडसी प्रयोग होता.

आता एअर इंडिया आणि इंडिगो यांनीही ए३५० विमानं मागवली आहेत. दार असलेलं आसन, मोठा पडदा, मऊ गादी हे सगळं विकत मिळतं. बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्यांना माल देतात. झोपलेल्या प्रवाशाला उठवायचं नाही आणि धूर दिसताच क्षणभरही थांबायचं नाही, हे दोन्ही एकाच माणसाच्या अंगी बाणवायला मात्र वर्षं लागतात, आणि नफ्या-तोट्याच्या काळातही तो खर्च चालू ठेवावा लागतो. आपल्या कंपन्यांनी जपानकडून आधी घ्यावं ते हे शिक्षण. त्याचा लाभ शेवटच्या रांगेतल्या प्रवाशालाही पुढच्या केबिनइतकाच मिळतो.