सोळा आण्यांची काळी, दोन आण्यांचा माळ

सातबाऱ्यावर क्षेत्राखाली रुपये-पैशांत एक आकडा असतो: 'आकार', म्हणजे शेतसारा. रक्कम इतकी किरकोळ, की आज त्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पण हा आकडा ठरवायला कधीकाळी शेताशेतात पहारी चालल्या होत्या.

१८२०च्या दशकात ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी पुणे भागात बसवलेला सारा रयतेला झेपला नाही, जमिनी ओस पडू लागल्या. मग १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली. आधी मोजणी, मग प्रतबंदी, शेवटी आकारणी. प्रतबंदी करणारा शेताचे भाग पाडी, प्रत्येक भागात माती किती खोल जाते ते बघे आणि नऊपैकी एक प्रत लावी. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे, दीड हात असेल तर १४, एक हात असेल तर १०. सगळ्यांत खालची प्रत दोन आण्यांची. नंतर दोष मोजायचे: चुनखडी, वाळू, उतार, साचणारे पाणी. एका दोषाला एक प्रत खाली. म्हणजे हातभर खोल काळ्या रानात चुनखडीही असली आणि उतारही असला, तर १० आण्यांचे सहाच उरत.

ही मोजपट्टी साऱ्यासाठी होती आणि त्या कामाला ती चोख होती. घोळ होतो तो तिच्यावरून जमिनीची सगळीच लायकी ठरवली जाते तेव्हा. सोळा आण्यांच्या भारी काळ्या रानात संत्रा लावून बघा. पावसाळ्यात निचरा होत नाही, मुळ्या कुजतात, झाड सुकते. संत्र्याला निचऱ्याची मध्यम जमीन मानवते.

म्हणूनच नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे शास्त्रज्ञ एका आकड्यावर थांबत नाहीत. उपग्रहाच्या चित्रावरून जमिनीचे तुकडे आखता येतात, पण खालचे थर वरून दिसत नाहीत. त्यासाठी अजूनही खड्डाच घ्यावा लागतो. पोत, निचरा, उतार, धूप बघून जमीन आठ वर्गांत बसते. पहिले चार शेतीचे, उरलेले कुरण, वन आणि वन्यजीवांचे. शिवाय कोणत्या पिकाला कोणती माती, हा हिशेब वेगळा.

पाण्याचा नकाशा आणखी निराळा. पाणलोटात पाणी वाहून जाते कुठे, मुरते कुठे आणि साठते कुठे, हे त्यात दाखवतात. महसुलाने खालच्या प्रतीत ढकललेला मुरमाड माळ, खाली झिजलेला खडक असेल तर, पाणी मुरवायला उत्तम. गावातल्या विहिरींची मदार त्याच्यावर असू शकते.

तीच गत गवताळ माळांची. सरकारी नकाशांत त्यांचा मोठा भाग 'पडीक' रंगात येतो. मग तिथे झाडे लावायची किंवा सौर प्रकल्प आणायचा, असे प्रस्ताव निघतात. सोलापूरच्या नान्नजसारख्या माळांवर मात्र माळढोक नांदला, लांडगा अजून फिरतो, धनगरांची मेंढरे चरतात. मोकळा माळ हेच त्यांचे घर. तिथे दाट झाडी उभी राहिली की ते मोडते.

गावाचा विकास आराखडा करताना म्हणूनच मातीचा, पाण्याचा आणि चराईचा असे तीन नकाशे शेजारी शेजारी मांडायला हवेत. जिथे ते एकमेकांशी भांडतात, त्या जमिनीच्या गटांवर ग्रामसभेत आधी बोलायचे. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलाय, एवढ्यावर तिथे जेसीबी लावायचा नाही.