जुन्या गेमिंग संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड

आठ-दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावर नवे गेम अडखळू लागले, तरी अख्खा संगणक बदलावा लागतोच असे नाही. बऱ्याचदा ग्राफिक्स कार्ड बदलून भागते.

मात्र आधी पॉवर सप्लाय तपासावा. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० ला १२० वॉट लागतात, तर २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ला १७०. म्हणून पॉवर सप्लायमधून वेगळी केबल जोडावीच लागते.

स्लॉटची पिढीही महत्त्वाची. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेन वापरते, त्यामुळे पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग घटतो.

कॅबिनेटमधली जागाही टेपने मोजून घ्यावी. प्रोसेसरच संथ असेल, तर महागड्या कार्डाची बरीचशी ताकद वाया जाते.