मूळ द्वाराकडे : दुर्बिणीद्वारे होणारी सायनसची शस्त्रक्रिया

गालाच्या हाडातील सायनसची पोकळी प्रौढ माणसात साधारण १५ मिलिलिटर मापाची असते. तिचे नाकात उघडणारे द्वार मात्र जेमतेम काही मिलिमीटरचे असून ते तळाशी नव्हे, तर वरच्या बाजूला असते. त्यामुळे आत स्रवणाऱ्या श्लेष्म्याला वर चढावे लागते आणि त्याला वर नेण्याचे काम अस्तरावरील पक्ष्माभिका, म्हणजे लयीत हलणारे सूक्ष्म केसांसारखे तंतू, अहोरात्र करीत असतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी या प्रवाहाचा माग काढला, तेव्हा भिंतीला दुसरीकडे भोक पाडले तरी श्लेष्मा त्याला वळसा घालून मूळ द्वाराकडेच जातो, असे दिसून आले. कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि ल्यूक यांनी १८९७ मध्ये वर्णिलेल्या जुन्या शस्त्रक्रियेत वरच्या ओठाखालून हाड उघडून अस्तर खरवडीत आणि नाकात खालच्या बाजूला नवी वाट करीत. एवढे सोसूनही काही रुग्णांचा त्रास का उरे, हे या निरीक्षणामुळे पुष्कळसे उलगडले.

आजच्या शस्त्रक्रियेत चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते. त्याआधी सर्जन सीटी स्कॅनवर रोगाइतक्याच बारकाईने मेंदूखालचे हाड किती खाली उतरले आहे हे पाहतो, कारण तेथील चूक थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. भूल दिल्यावर ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या नाकात ठेवून रक्तवाहिन्या आकुंचित केल्या जातात आणि टेबलाची डोक्याकडील बाजू उचलली जाते. रक्ताचा एक थेंबही भिंगावरचे सारे दृश्य पुसून टाकतो. रुग्णाचे डोळे मुद्दाम उघडे, सर्वांना दिसतील असे ठेवतात. नाक आणि डोळ्याची खोबण यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते. ते भेदले गेल्याची शंका आली, तर साहाय्यक नेत्रगोलावर हलका दाब देतो आणि नाकात काही हलते का, हे सर्जन पडद्यावर न्याहाळतो.

द्वाराला झाकणारे कोयत्याच्या आकाराचे नाजूक हाड प्रथम काढले जाते. त्यानंतर तिरके पाहणाऱ्या दुर्बिणीने मूळ द्वार शोधणे, हाच या कामाचा खरा कस होय. शेजारीच वेगळे भोक पडले आणि दोन्ही जोडायची राहिली, तर श्लेष्मा एकातून बाहेर येऊन दुसऱ्यातून पुन्हा आत शिरतो व तेथेच फिरत राहतो. पुढील कित्येक आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि खपल्या काढणे चालते, आणि पॉलिप म्हणजे अस्तराला आलेले मऊ कोंब असतील तर स्टेरॉइडचा फवारा त्याहूनही दीर्घकाळ लागतो. ऑपरेशन झाले म्हणजे दुखणे संपले, असे रुग्णाला वाटू देणे गैर आहे.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातील कान-नाक-घसा तज्ज्ञांना मात्र या शिस्तीच्या उलट वागावे लागले. तेव्हा फैलावलेल्या म्युकरमायकोसिसची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, ऊती मरून काळ्या पडतात आणि ॲम्फोटेरिसिन हे औषध तेथपर्यंत पोहोचतच नाही. एरवी अस्तराचा कण न् कण जपणाऱ्या सर्जनला येथे ताजे रक्त येईपर्यंत कापत जावे लागते, कारण रक्तस्राव हीच ऊती जिवंत असल्याची खूण असते. वरचा जबडा गमावलेल्या रुग्णाला पुढे दंतवैद्याने घडवलेली कृत्रिम टाळू बसवावी लागते. तिच्यावाचून प्यायलेले पाणी नाकातून परत येते आणि उच्चार अस्पष्ट होतात.