सातपुड्यातील सेवा केंद्र

नंदुरबार जिल्ह्यात सातबारा, उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला काढायचा असेल, तर माणूस आधी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ गाठतो. ग्रामपंचायतींमध्ये 2011 च्या सुमारास ‘संग्राम’ प्रकल्पातून संगणक आले. 2016 पासून ‘संग्राम’च्या जागी ही केंद्रे सुरू झाली. त्यांच्या जोडीला सीएससी केंद्रे आणि तालुक्याच्या गावचे सेतू आहेत. संगणक, प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचे यंत्र एवढ्यावर काम चालते.

सर्वांत किचकट काम जातीच्या दाखल्याचे. अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? मग तहसील कचेरीतील जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या नमुना 14 मध्ये, नाव शोधायचे. तिथे ते वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असू शकते. वंशावळीचा कागद तयार करताना केंद्रचालक भिलीत किंवा पावरीत विचारतो आणि मराठीत भरतो. खरे कौशल्य इथेच लागते. एका अक्षराचा फरक राहिला तरी त्रुटी निघून अर्ज परत येतो. कागद स्कॅन होऊन अर्ज वर गेला की पावती मिळते. नायब तहसीलदार किंवा तहसीलदारांच्या तपासणीनंतर प्रांताधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीचा दाखला केंद्रावरच छापून मिळतो.

देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, टेंभली गावी वाटले गेले. आज बँक खात्यातील पैसे काढण्यापासून पीएम किसानच्या ई-केवायसीपर्यंत आधार लागते. ऊसतोड आणि शेतमजुरीने बोटांच्या रेषा झिजतात, म्हणून अंगठा लागत नाही. बोट पुसून, दुसरे बोट ठेवून पुन्हा प्रयत्न होतो. ओटीपीचा मार्ग असतो, पण आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असला की तोही खुंटतो. हा दोष अर्जदाराचा नाही, तरी हेलपाटा त्यालाच पडतो.

धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात रेंजचा प्रश्न वेगळाच आहे. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवरून बोटीने, मग पायी किंवा जीपने मोलगी-धडगावला यावे लागते. त्या दिवशी सर्व्हर बंद असेल तर मजुरीही बुडते आणि भाडेही जाते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. म्हणून होळीपासून जूनच्या शाळाप्रवेशापर्यंतचे महिने या केंद्रांवर सर्वाधिक गर्दीचे असतात.